नदीचं मुख तिथे तेल-गॅस, हे समीकरण कितपत खरं? (जुने त्रिभुज प्रदेश, गाळ आणि रिझर्वॉयर)

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. भूगोल शिकवते, आणि वर्गात त्रिभुज प्रदेश आला की मुलं हमखास तेलावर येतात. नायजर, मिसिसिपी, इंडोनेशियातली महाकाम, आपल्याकडे कृष्णा-गोदावरी, सगळीकडे नदीच्या मुखाशी तेल नाहीतर गॅस. मग पुढचा प्रश्न ठरलेला, कोकणात एवढ्या नद्या समुद्राला मिळतात तर तिथे का नाही?
माझा समज असा की जुनी नदी जितकी मोठी आणि गाळाचा थर जितका जाड तितकं तेल जास्त. पण वाचायला बसलं की 'रिझर्वॉयर क्वालिटी' हे प्रकरण सारखं मधे येतं, म्हणजे खाली तेल असूनही ते निघत नाही असं होतं का? इथे या क्षेत्रातले बरेच जण आहेत म्हणून विचारतेय. मुलांना सांगता येईल अशा भाषेत सांगा प्लीज.

रिगवरचा
ताई, चांगला विषय काढलात. जाड गाळ हवाच, पण तेवढ्यावर भागत नाही. तीन गोष्टी एका ठिकाणी जमाव्या लागतात. एक सोर्स रॉक, म्हणजे सेंद्रिय पदार्थ भरपूर असलेला चिखल, जो खोल गाडला जाऊन तापतो आणि तेल-गॅस तयार होतो. दुसरं रिझर्वॉयर, म्हणजे ज्याच्या कणांमधल्या फटीत हे तेल साठतं तो वाळूचा दगड. तिसरं वरचं झाकण, कॅप रॉक, ज्यातून ते निसटत नाही. त्रिभुज प्रदेशाची खासियत ही की या तिन्ही गोष्टी शेजारी शेजारी आणि एकावर एक साचतात. समुद्रात पुढे चिखल, मुखाशी वाळू, नदीनं वाट बदलली की त्या वाळूवर पुन्हा चिखल.
आणि हो, तेल असूनही निघत नाही असं अगदी होतं. दगडात फटी किती ती पोरॉसिटी, आणि त्या फटी एकमेकींना जोडलेल्या आहेत का, त्यातून तेल वाहील का, ती परमिएबिलिटी. २० टक्के पोरॉसिटी असलेला दगड परमिएबिलिटी नसेल तर काही कामाचा नाही. चिखलाच्या दगडातही फटी भरपूर असतात, पण इतक्या बारीक की काही हलत नाही, म्हणून तर तो झाकण म्हणून चालतो.

मनीषा_के
वाचतेय. पुढच्या प्रतिसादांच्या प्रतीक्षेत.

कातळवेडा
रिगवरचा यांच्याशी सहमत, भर घालतो. 'त्रिभुज प्रदेशाचा गाळ' हा एकच माल नाही, खरी मेख तिथेच आहे. नदी समुद्राला मिळते तिथे पाण्याचा वेग पडतो, जाड वाळू मुखाशीच बसते, तिला माउथ बार म्हणतात. बारीक रेती थोडी पुढे, चिखल सगळ्यात लांब. शिवाय नदीचे जे फाटे फुटतात त्यांच्या पात्रात वेगळी वाळू, आणि दोन फाट्यांमधल्या उथळ खाजणात चिखल, पालापाचोळा, पुढे जाऊन कोळसा. आज वरून बघितलं तर हे सगळं काही किलोमीटरच्या आत दिसतं. म्हणजे एक विहीर मस्त वाळूत लागते आणि शेजारची निव्वळ चिखलात. त्रिभुज प्रदेश तोच, तेलही तेच, पण एक विहीर चालते आणि दुसरी कोरडी.
आता त्रिभुज प्रदेश जसजसा समुद्रात पुढे सरकतो तसं जिथे आधी चिखल बसायचा तिथे नंतर रेती येते आणि मग वाळू. म्हणून माउथ बारचा थर खालून वर जाड कणांचा होत जातो. पात्रातल्या वाळूचं उलटं, तळाशी जाड आणि वर बारीक. विहिरीत उपकरण सोडून गॅमा किरणांची नोंद घेतात, तिला गॅमा रे लॉग म्हणतात, चिखलात पोटॅशियम-थोरियम जास्त म्हणून रेडिंग वाढतं, स्वच्छ वाळूत कमी होतं. तो आलेख बघून जाणकार सांगतात की इथे मुख होतं की पात्र. नरसाळ्याचा आकार दिसला की माउथ बार, घंटेचा दिसला की पात्र. शिकाऊ असताना भिंतीवर लॉगच्या लांबलचक पट्ट्या लावून तासन् तास हे जुळवत बसायचो, एका विहिरीतली वाळू पुढच्या विहिरीतल्या कुठल्या वाळूला लागते ते. ते जमलं की जो आनंद होतो तो सांगता येत नाही.

सागरी
पण मंडळी, आपलं सगळ्यात मोठं क्षेत्र तर मुंबई हाय आणि तिथे नदीबिदी काही नाही, तो चुनखडक आहे. १९७४ साली सागर सम्राट या रिगनं तेल शोधलं ते मायोसीन काळातल्या चुनखडकात, एल-३ म्हणतात त्या थराला. वसईचा गॅस पण चुनखडकातच. मग नदीचं एवढं कौतुक कशाला? मला वाटतं धाग्याचं गृहीतकच तपासायला हवं.

कातळवेडा
@सागरी, मुद्दा बरोबर आहे, पण तो नदीच्या विरोधात जात नाही. चुनखडक बनवणाऱ्या जिवांना स्वच्छ उथळ पाणी लागतं, गढूळ पाण्यात ते जगत नाहीत. मुंबई हाय नदीच्या गाळापासून बाजूला, उंचवट्यावर राहिलं म्हणून तिथे चुनखडक साचू शकला. आणि त्याच सुमाराला, मायोसीनच्या लगेच आधीच्या ऑलिगोसीन काळात, उत्तरेला सुरत-दमणसमोर जुन्या नर्मदा-तापीचा गाळ येऊन पडत होता. तिथल्या दमण फॉर्मेशनच्या (फॉर्मेशन म्हणजे नाव दिलेला थरांचा गट) वाळूत गॅस आहे, मिड तापी आणि साउथ तापी ही क्षेत्रं त्यातलीच. पन्ना-मुक्ता-तापी हे नाव पेपरात वाचलं असेल, त्यातलं तापी म्हणजे हेच. पन्ना आणि मुक्ता मात्र चुनखडकाची. म्हणजे एकाच समुद्रात नदीचा गाळ पोचला तिथे वाळू आणि नाही पोचला तिथे चुनखडक. नदी कुठे नव्हती हे पण नदीच ठरवते.

सागरी
हे आवडलं. तापी हे नुसतं नाव ठेवलंय असं वाटायचं.

भरुचकर_वहिनी
आमची हयात अंकलेश्वरला गेली, यजमान तेलखात्यात होते, त्यामुळे राहवत नाही लिहिल्याशिवाय. कापसाच्या शेतात ते डोलणारे पंप असायचे, आमच्या मुलांना त्याचं काहीच अप्रूप नव्हतं पण पुण्याहून पाहुणे आले की आधी तिकडे पळायचे. १९६० साली तिथे तेल लागलं आणि पहिल्या विहिरीला नेहरूंनी वसुधारा नाव दिलं होतं. यजमान नेहमी सांगायचे की हे तेल ज्या वाळूत आहे ती हजाद वाळू म्हणजे जुन्या नदीनं आणून टाकलेली. एवढं ऐकून ऐकून पाठ झालंय पण हजाद म्हणजे नक्की काय ते आज विचारते, इथे कुणाला माहीत असेल तर सांगा. आणि भरुचची खारी सिंग (शेंगदाणे) कुणाला हवी असेल तर तेही सांगा, भाचा येतोय पुढच्या आठवड्यात :)

पोटोबा
सिंग मला! विषय कळत नाहीये पण धागा सोडवत नाहीये.

रिगवरचा
वहिनी, हजाद हा अंकलेश्वर फॉर्मेशनचा एक भाग. साधारण चार-साडेचार कोटी वर्षांपूर्वी, इओसीन काळात, खंभातचं आखात आजच्यापेक्षा आत घुसलेलं होतं आणि त्यात ईशान्येकडून-पूर्वेकडून नद्या वाळू आणत होत्या. खाली कॅम्बे शेल (कॅम्बे म्हणजे खंभात, शेल म्हणजे चिखलाचा दगड), तो सोर्स रॉक. त्यावर हजादची वाळू, ते रिझर्वॉयर. त्यावर कानवा शेल, तो समुद्र पुन्हा आत आला तेव्हा बसलेला चिखल, ते झाकण. वर सांगितलेल्या तिन्ही गोष्टी एकावर एक, पुस्तकात दाखवतात तशा.
ऐंशीच्या दशकात सापडलेलं गंधार क्षेत्रही हजादचंच, पण तिथे मजा वेगळी. वाळूचे बरेच थर एकावर एक, त्यांना जीएस-१, जीएस-२ असे नंबर दिलेत, आणि प्रत्येक थर सगळीकडे पसरलेला नाही. कुठे जाड, कुठे पातळ होत होत संपतो आणि पुढे चिखल लागतो. त्रिभुज प्रदेशाचे फाटे वाट बदलत राहिले त्याचा हा परिणाम. काही ठिकाणी वाळू संपते तिथेच तेल अडकलंय, तेल अडकायला थरांचा घुमट असायची गरजच पडली नाही. पण त्यामुळे नवी विहीर टाकताना धाकधूक असते की हा थर तिथे असेल का.

भरुचकर_वहिनी
धन्यवाद रे बाबा. यजमान असते तर तुझ्याशी रात्रभर बोलले असते.

प्रश्नचिन्ह
माझा एक बेसिक डाऊट. आपल्या नद्या तर काळ्या दगडातून येतात, बसाल्टमधून. मग वाळू कुठनं येते?

कातळवेडा
प्रश्नचिन्ह, या धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रश्न तुम्ही विचारलात.
रिझर्वॉयरला वाळू हवी ती क्वार्ट्‌झची. क्वार्ट्‌झ कडक असतो, सहज कुजत नाही, खोल गाडलं तरी कण आपला आकार धरून ठेवतात आणि मधल्या फटी राहतात. बसाल्टमध्ये क्वार्ट्‌झ जवळपास नसतोच. त्याची खनिजं उन्हापावसात कुजून चिकणमाती होते, आपली काळी कापसाची जमीन ती हीच. नदीनं बसाल्टचे खडे नेऊन टाकले तरी गाडल्यावर ते मऊ पडतात, दबतात, फटीत चिकणमाती भरते आणि सगळं बुजून जातं. याचा पुरावा कॅम्बेतच आहे. दख्खनच्या लाव्ह्यावर लगेच बसलेला थर म्हणजे ओलपाड फॉर्मेशन, त्यात ट्रॅपचेच (म्हणजे त्याच लाव्ह्याच्या बसाल्टचे) तुकडे आणि माती भरलेली, आणि साठा म्हणून तो बहुतेक ठिकाणी निरुपयोगी. वरची हजाद वाळू मात्र चांगली, कारण तोवर ट्रॅपच्या पलीकडच्या जुन्या खडकांचा माल यायला लागला होता.
नर्मदेचं खोरं बघा, भेडाघाटला संगमरवर, पुढे विंध्यचे वालुकाश्म, म्हणजे ती सगळी बसाल्टची नदी नाही. गोदावरीचंही तसंच, त्र्यंबकपासून नांदेडपर्यंत काळा दगड, पण पुढे प्राणहिता मिळते. प्राणहितेत वैनगंगेचं पाणी, आणि वैनगंगा भंडारा-गोंदियाच्या ग्रॅनाइट-नाइसमधून येते. त्याच्या खाली इंद्रावती आणि शबरी. तर आजच्या गोदावरीच्या मुखाशी जी क्वार्ट्‌झची वाळू आहे तिच्यात आपल्या पूर्व विदर्भाचा वाटा आहे, नाशिकचा वाटा मुख्यतः चिखलात.

वऱ्हाडी_ठेचा
वैनगंगेच्या रेतीचं नाव निघालं आणि अभिमान वाटला भौ. नागपुरात घर बांधायचं तर रेती वैनगंगेचीच पाहिजे म्हणतात, कन्हान नाहीतर वैनगंगा. आता कळलं का म्हणून.

गोदाकाठ
कातळवेडा, हे मी उद्याच्या उद्या वर्गात सांगणार. नदीचा नकाशा आणि खडकांचा नकाशा शेजारी शेजारी लावला की मुलांना दिसेलच.

स्टावांगरकर
नॉर्वेहून लिहितोय. इथल्या उत्तर समुद्रात हा विषय म्हणजे रोजचं जेवण आहे. ब्रेंट ग्रुप म्हणून थर आहेत, मध्य ज्युरासिक, साधारण १७ कोटी वर्षांपूर्वीचा त्रिभुज प्रदेश जो दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत गेला. ब्रेंट, स्टॅटफ्योर्ड, गुलफाक्स ही बडी क्षेत्रं त्याच्यावर उभी आहेत. त्याचे पाच भाग, ब्रूम, रॅनॉक, एटिव्ह, नेस, टार्बर्ट. पहिली अक्षरं इंग्रजीत जुळवलीत की ब्रेंटच होतं.
यातले रॅनॉक आणि एटिव्ह एकावर एक चिकटून आहेत, खाली रॅनॉक, वर एटिव्ह. एटिव्ह म्हणजे किनाऱ्याची, लाटांनी धुतलेली स्वच्छ वाळू, परमिएबिलिटी डार्सीमध्ये (हे तिचं एकक), म्हणजे भरपूर. रॅनॉक थोड्या खोल पाण्यातला, बारीक कणांचा, आणि त्यात अभ्रक ठासून भरलेलं. अभ्रकाचे पापुद्रे आडवे बसतात त्यामुळे तेल वरखाली जाऊच शकत नाही, आणि परमिएबिलिटी एटिव्हच्या मानानं कित्येकपट कमी. तेल ढकलायला पाणी सोडलं की पाणी एटिव्हमधून सुसाट धावतं आणि उत्पादन विहिरीत बाहेर येतं, रॅनॉकमधलं तेल मागे राहतं. दोन्ही थरात तेल आहे, दोन्ही त्याच त्रिभुज प्रदेशाचे, फरक एवढाच की एक लाटांत धुतला गेला आणि दुसरा नाही. इथे कित्येक इंजिनियरांची करियर हे मागे राहिलेलं तेल काढण्यात गेलीय.
अजून एक, वर गॅमा रेचं आलं म्हणून सांगतो. अभ्रकात पोटॅशियम असतं, त्यामुळे रॅनॉकची वाळू लॉगवर चिखलासारखी दिसते. नुसत्या गॅमावर विसंबलं तर चांगला थर सोडून दिला जाईल, घनता आणि न्यूट्रॉन लॉग सोबत बघावेच लागतात.

रिगवरचा
@स्टावांगरकर, जबरदस्त माहिती. म्हणूनच आम्ही लॉगच्या आधी कटिंग्ज बघतो. गोदाकाठ ताई, तुमच्या मुलांसाठी सांगतो कसं ते. ड्रिलिंग चालू असताना विहिरीत सोडलेल्या चिखलासोबत दगडाचे तुकडे वर येतात, शेल शेकरच्या जाळीवर पडतात. ठरावीक मीटरला नमुना घ्यायचा, चाळणीत धुवायचा, ट्रेमध्ये पसरून मायक्रोस्कोपखाली. कण गोल आहेत की कोनाचे, एकसारखे की लहानमोठे मिसळलेले, मधे माती किती, चुनखडीनं चिकटलेत का, त्याला पातळ अ‍ॅसिडचा थेंब टाकायचा, फसफसलं की चुना. मग तोच ट्रे अतिनील दिव्याच्या पेटीत. तेल असेल तर पिवळसर सोनेरी चमकतं. सॉल्व्हंटचा थेंब टाकला की त्या कणातून तेल धाग्यासारखं बाहेर ओघळतं, आणि ते किती झटकन ओघळतं त्यावरून परमिएबिलिटीचा पहिला अंदाज येतो. पहाटे तीनला झोप डोळ्यावर असताना ट्रे चमकला की झोप उडते.

गणितज्ञ
सगळं छान आहे पण केजी-डी६ चं काय, कृष्णा-गोदावरीच्या समोर समुद्रातलं ते गॅसचं क्षेत्र? तिथेही त्रिभुज प्रदेश, एवढा गाजावाजा, आणि उत्पादन कोसळलं. मला तर ते सगळं राजकारणच वाटतं.

सागरी
+१. खाली गॅस होता, मुद्दाम काढला नाही असं त्या वेळी सगळे म्हणत होते.

कातळवेडा
राजकारण आणि कोर्टकचेऱ्या बाजूला ठेवू, त्याला वेगळा धागा काढा. वाळूपुरतं बोलतो.
शोध २००२, उत्पादन सुरू एप्रिल २००९. दिवसाला आठ कोटी घनमीटरची तयारी होती, २०१० साली सहा कोटींच्या आसपास गेलं आणि मग घसरत गेलं, २०२० च्या फेब्रुवारीत त्यातली डी१-डी३ ही मुख्य क्षेत्रं बंद झाली. ती वाळू मुखाजवळची नाही. नदीनं आणलेला गाळ खंडमंचाच्या (किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळाच्या) कडेवरून खोल समुद्रात घसरतो, उतारावर पाण्याखालच्या नागमोडी चॅनेलमधून वाहतो, आणि त्या चॅनेलच्या आत व काठावर वाळू बसते. भूकंपलहरींच्या सर्व्हेत हे चॅनेल फार सुंदर दिसतात. पण चित्रात सलग दिसणारी वाळू आत चिखलाच्या पडद्यांनी तुकड्या-तुकड्यात तुटलेली असू शकते. तसं असलं की विहीर फक्त आपल्या तुकड्यातला गॅस काढते, दाब झपाट्यानं उतरतो, पाणी आणि वाळू विहिरीत यायला लागतात. जगात बऱ्याच खोल समुद्रातल्या क्षेत्रांत असं घडलंय. माझं मत विचाराल तर भूशास्त्र इतकं गुंतागुंतीचं असताना त्यावर बोलायचं सोडून आपण सगळे दुसरंच बोलत बसलो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

गणितज्ञ
तुकड्यांचा मुद्दा पटला. बाकीचं अजून पटलेलं नाही, पण धाग्याचा विषय नाही म्हणून थांबतो.

स्टावांगरकर
तुकड्यांबद्दल +१. गुलफाक्समध्ये भ्रंशांनी असेच तुकडे पडलेत, प्रत्येकाचा हिशोब वेगळा ठेवावा लागतो.

मृण्मयी_लॅब
अजून एका गोष्टीवर कुणी बोललंच नाही, वाळू बसल्यानंतर काय होतं. मी खडकांच्या पातळ चकत्या बघते, ३० मायक्रॉन जाडीच्या, फटीत निळं रेझिन भरलेलं असतं म्हणजे जिथे निळं दिसेल तिथे जागा. चांगल्या वाळूत निळा रंग सगळीकडे. पण वाळू तीन-चार किलोमीटर खोल गेली आणि तापमान ८०-१०० अंशांच्या वर गेलं की क्वार्ट्‌झच्या कणांवर क्वार्ट्‌झचीच वाढ होते आणि निळं कमी कमी होत जातं. म्हणजे मुखाशी बसलेली उत्तम वाळूसुद्धा खोलीत बाद होऊ शकते.
आणि इथे नदी पुन्हा येते बघा. काही त्रिभुज प्रदेशांच्या मुखाशी नदीनं आणलेलं लोह खाऱ्या पाण्यात वाळूच्या कणांवर बारीक मातीचा थर बनून बसतं. पुढे त्याचं क्लोराइट नावाचं खनिज होतं. हा पापुद्रा कणाभोवती सगळीकडून असला तर नवा क्वार्ट्‌झ चिकटायला जागाच मिळत नाही आणि फटी शाबूत राहतात. नॉर्वेच्या टिल्ये फॉर्मेशनमध्ये हे प्रसिद्ध आहे. एरवी रिझर्वॉयरमध्ये माती म्हणजे शत्रू, पण ही माती योग्य जागी, योग्य जाडीची बसली तर तीच वाचवते. दुसरीकडे इलाइट नावाची माती, ती केसांसारखी फटीत वाढते. पोरॉसिटी मोजली तर ठीक दिसते पण तेल वाहत नाही. पहिल्यांदा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये ते जाळं बघितलं तेव्हा कळलं की आकडा चांगला असूनही विहीर का चालत नाही.

पोटोबा
हे वाचून काचेवर साबणाचं पाणी वाळल्यावर येतात ते डाग आठवले.

मृण्मयी_लॅब
@पोटोबा, पाणी येतं, क्षार सोडून जातं, एवढं साम्य आहे खरं. फक्त इथे कोटी कोटी वर्षं लागतात.

जलसंधारण
थोडं अवांतर होतंय पण लिहितो. हा सगळा गाळ नदी मोकळी होती म्हणून पोचला. आज गोदावरी-कृष्णेवर एवढी धरणं झालीत की मुखापर्यंत गाळ फार कमी पोचतो. काकीनाड्याजवळ उप्पाडाला समुद्र रस्ता आणि घरं खातोय, मच्छिमारांची वस्ती मागे मागे सरकतेय. त्यात वाळू उपसा. जुन्या त्रिभुज प्रदेशांवर आपण एवढं बोलतो, चालू त्रिभुज प्रदेशाकडे कोण बघतंय?

वऱ्हाडी_ठेचा
रेतीघाटांची हालत पाहून जीव तुटते. यावर वेगळा धागा काढाच, मी लिहीन.

गोदाकाठ
जलसंधारण, नक्की काढा, मी पण येईन. पण मुलांचा मूळ प्रश्न राहिलाच ना, कोकणात का नाही?

कातळवेडा
कोकणच्या नद्या सह्याद्रीच्या माथ्यावर उगम पावतात आणि ५०-१०० किलोमीटरमध्ये समुद्रात. खोरं लहान, खडक बसाल्ट आणि वर जांभा, म्हणजे क्वार्ट्‌झची वाळू कमी. मुखाशी खाड्या आहेत, समुद्रात पुढे सरकलेला मोठा त्रिभुज प्रदेश नाही. दख्खनचं बहुतेक पाणी पूर्वेला बंगालच्या उपसागरात जातं, सोबत गाळही. दक्षिणेला केरळ-कोकण बेसिनमध्ये विहिरी झाल्या आहेत, व्यापारी प्रमाणात अजून काही लागलेलं नाही, तरी कायमचं नाही असं मी म्हणणार नाही, खोल पाण्यात लाव्ह्याच्या थराखाली काय आहे ते पुरतं बघून झालेलं नाही.
आणि तुमच्या 'मोठी नदी, जाड गाळ' या मताबद्दल, गाळाची जाडी सोर्स रॉक तापवायला उपयोगी पडते, तेवढ्यापुरतं ते बरोबर. पण विहिरीतून किती निघेल हे नदीनं कुठल्या खडकातून माल आणला, तो मुखाच्या कुठल्या भागात बसला, लाटांनी धुतला का, आणि नंतर किती शिजला यावर. कृष्णा-गोदावरीतच मंडपेटाचा वालुकाश्म जाडजूड आहे, गॅसही आहे, पण इतका घट्ट की दगड फोडल्याशिवाय धड वाहत नाही.

गोदाकाठ
आता मुलांना सांगता येईल. एक शेवटचं, सहलीला नेऊन दाखवता येईल असा जुना त्रिभुज प्रदेश जवळपास कुठे आहे का?

रिगवरचा
सुरत जिल्ह्यात मांगरोळ तालुक्यात वस्तान आणि जवळच तडकेश्वर, लिग्नाइटच्या खाणी. कॅम्बे शेलच्या काळातले, पाच कोटी वर्षांच्या आसपासचे किनाऱ्यावरच्या दलदलीचे थर, कोळसा, चिखल, मधेमधे शिंपल्यांचे पट्टे. वस्तानला प्राण्यांचे जीवाश्म आणि अंबरही (झाडाची दगड झालेली राळ) मिळालंय. नाशिकहून सापुताऱ्यामार्गे जाता येईल. खाणीची लेखी परवानगी आधी काढा, पावसाळ्यात जाऊ नका, आणि प्रत्येक मुलाला दहापट मोठं दिसणारं एक भिंग द्या.

भरुचकर_वहिनी
तिथून अंकलेश्वर लांब नाही, मुलांना पंप पण दाखवा. येणार असाल तर मला मेसेज करा, राहायची सोय आमच्या जुन्या शेजाऱ्यांकडे करून देते.